जुन्या गिलाव्याच्या घरात खिडक्या बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विटांची किंवा दगडाची जाड भिंत, तिच्यावर चुन्याचा नाहीतर सिमेंटचा गिलावा आणि त्या गिलाव्यात अर्धी गाडलेली चौकट. अशा घरात खिडकी बदलायची म्हटलं की चर्चा सुरू होते ती काचेची, प्रोफाइलची, रंगाची. खालचे बहुतेक प्रश्न मात्र फिरून एकाच जागी येतात: चौकट आणि भिंत यांच्यामधला वीतभर पट्टा. तो ‘गवंडी बघून घेईल’ म्हणून सोडला जातो आणि पाणी नेमकं तिथूनच आत येतं.

खिडकी बदलायलाच हवी का? दुरुस्तीत भागणार नाही?

बऱ्याचदा भागतं. खिडक्या विकणारा हे सांगणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. जुन्या चौकटींचं लाकूड बहुधा सावकाश वाढलेल्या झाडाच्या गाभ्याचं, दाट रेषांचं असतं. तसं लाकूड आज सहजी मिळत नाही.

तपासायला जाड स्क्रूड्रायव्हर पुरतो. चौकटीचं खालचं आडवं लाकूड, उभ्या बाह्यांची खालची टोकं आणि पल्ल्याची खालची पट्टी इथे तो दाबून पाहा. टोक जेमतेम रुतलं तर लाकूड ठीक आहे, बोटभर आत गेलं तर तेवढा भाग कुजलाय. कुज टोकापुरतीच असेल तर सुतार ते टोक तिरकं कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधू शकतो. वाळवी असेल तर आधी वाळवीचा बंदोबस्त करायला हवा. ती भिंतीतून येते, त्यामुळे नुसती चौकट बदलली तर नव्या लाकडालाही लागेल.

रंगाच्या थरांनी अडकलेला पल्ला, सैल बिजागरी, सुटलेली लांबी (काच बसवायची पुट्टी), वारा आत येणाऱ्या फटी ही काही खिडकी बदलायची कारणं नव्हेत. आणखी एक: काचेतून पाहताना बाहेरचं किंचित लहरत असेल तर ती काच फ्लोट पद्धतीच्या (वितळलेली काच वितळलेल्या कथलावर पसरवून सपाट करण्याच्या) आधीची असू शकते. ती पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली. तशी काच फुटली की तिच्यासारखी दुसरी मिळवणं अवघड, म्हणून पल्ले उतरवताना तिला जपा.

बदलायची वेळ येते ती चौकटीचे कोपरेच सुटले असतील, खालचं लाकूड भिंतीतल्या भिंतीत संपलं असेल किंवा लोखंडी खिडकी गंजून फुगली असेल तेव्हा. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि शेजारचा गिलावा उचलतो. त्यावर कितीही वेळा लांबी भरली तरी ती भेग पुन्हा उघडणारच.

जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवली तर?

तोडफोड वाचते, गिलाव्याला हात लागत नाही आणि काम एका दिवसात उरकतं. दोन अटी आहेत. जुनी चौकट कोरडी आणि घट्ट हवी, आणि उजेड थोडा कमी झालेला तुम्हाला चालायला हवा, कारण नव्या चौकटीची जाडी चारही बाजूंनी आत येते. मोठ्या खिडकीत ते जाणवत नाही, लहान खिडकीत चांगलंच जाणवतं. खालचं लाकूड ओलसर असेल तर हा मार्ग सोडून द्या. नव्या खिडकीआड ती कुज कुणाला न दिसता चालू राहील.

भिंतीवर चुना आहे की सिमेंट, हे कसं ओळखायचं? आणि त्यानं काय फरक पडतो?

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, पण घरोघरच्या गिलाव्यात ते रुळायला पुढचं शतक उजाडावं लागलं. त्यामुळे घर जुनं असेल तर आतला मूळ थर चुन्याचा असण्याची शक्यता भरपूर, मग वरून कुणी नंतर सिमेंट चढवलेलं असो.

खिडकीच्या कडेला, जिथे तसंही तोडायचं आहे तिथे एक लहान खाच पाडा. चुन्याचा गिलावा पांढरट किंवा मातकट असतो, खिळ्यानं ओरखडतो, भुगा होऊन पडतो. त्यात अधूनमधून चुन्याचे पांढरे खडे दिसतात. सिमेंटचा गिलावा करडा असतो, ठणठणीत वाजतो आणि निघतो तो कपच्यांनी. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस येतो का पाहायची युक्ती बरेच जण सांगतात. तिच्यावर विसंबू नका, फेस दोन्हींवर येऊ शकतो.

फरक पडतो तो ओलाव्यात. जुन्या भिंतीत जमिनीतून, पावसातून, घरातल्या वाफेतून ओल शिरतच असते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून बाहेर पडते. अशा भिंतीवर खिडकीभोवती कडक सिमेंटचा पट्टा ओढला की ओलाव्याची तेवढी वाट बंद होते. ओल मग सिमेंट आणि जुना गिलावा जिथे भेटतात तिथे साचते, रंगाला फोड येतात, क्षार फुलतात आणि शेवटी नव्या पट्ट्याशेजारचा जुना गिलावा सुटतो. लोक म्हणतात, ‘गवंड्यानं काम पक्कं केलं, पण जुनं प्लास्टरच कच्चं होतं.’ खरं तर शेजारचं नवं काम गरजेपेक्षा जास्त पक्कं असल्यामुळेच जुनं सुटलेलं असतं.

म्हणून सरळ नियम: चुन्याला चुना, सिमेंटला सिमेंट. वरचा थर खालच्यापेक्षा कधीही जास्त कडक नको.

वर लिंटेल (खिडकीवरच्या भिंतीचा भार पेलणारा आडवा आधार) आहे की नाही, हे चौकट काढण्याआधी कळतं का?

अंदाज येतो, आणि तो घेतल्याशिवाय चौकटीला हात लावू नका. जुन्या घरांत खिडकीवर दगडी पाट असतो, विटांची कमान असते, नाहीतर जाड लाकडी तुळई असते. काही ठिकाणी यातलं काहीच नसतं. वरच्या विटा इतकी वर्षं चौकटीवरच बसलेल्या असतात. कधीकधी बाहेरच्या बाजूला कमान आणि आतल्या बाजूला लाकूड अशी जोडीही असते. बाहेरून सगळं मजबूत दिसतं आणि आतलं लाकूड मात्र कुजलेलं निघतं.

खुणा अशा: चौकटीचं वरचं आडवं लाकूड मध्ये झुकलंय, पल्ला वरच्या बाजूला घासतोय, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा वर चढल्यात. पाणसळ धरून पाहा. शंका वाटली तर आतून गिलाव्याचा हातभर पट्टा काढून बघा. तो पुन्हा भरणं हे भिंत सावरण्यापेक्षा केव्हाही सोपं.

आधार नसेल तर आधी वरची भिंत टेकूंवर घ्यायची, मग लिंटेल घालायचा, आणि तो दोन्ही बाजूंना भिंतीवर किमान १५० मिलिमीटर टेकायला हवा. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्यानं करा. खिडकी रुंद करायचा विचार असेल तेव्हाही हेच. खिडकी खालच्या बाजूनं उंच करणं त्या मानानं निर्धोक असतं, कारण तिथे डोक्यावरचा भार बदलत नाही.

माप कसं घ्यायचं?

रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी, उंचीही तशीच तीन ठिकाणी, शिवाय दोन्ही कर्ण. तिन्हींतलं सर्वांत लहान माप धरा आणि त्यातून प्रत्येक बाजूला ५ ते १० मिलिमीटर फट सोडा. कर्णांत मोठा फरक असेल तर खिडकीची पोकळी गुण्यात नाही. मग फट त्या हिशेबानं वाढवावी लागते.

यातली गोम अशी की जुन्या घरात तुम्ही गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत मोजता आणि विटा कुठे आहेत ते दिसतच नाही. बाजूचा गिलावा चौकटीवर चढलेला असतो, त्यामुळे मागची खरी पोकळी मोठी निघते. म्हणून एका कोपऱ्यात गिलावा टोचून चौकटीची कड उघडी करा आणि मगच ऑर्डर द्या. प्रत्येक खिडकी वेगळी मोजा. जुन्या घरात ‘शेजारची तशीच आहे’ हे वाक्य महागात पडतं.

लाकूड, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) की ॲल्युमिनियम?

भिंतीच्या दृष्टीनं पाहिलं तर मुख्य फरक फुगण्या-आकसण्याचा. दीड मीटर लांबीच्या चौकटीत ४० अंशांचा फरक पडला तर यूपीव्हीसी ४ मिलिमीटरच्या आसपास हलतं, ॲल्युमिनियम साधारण दीड मिलिमीटर. विटांची भिंत मात्र अर्धा मिलिमीटरही हलत नाही. गडद रंगाची चौकट उन्हात जास्त तापते, म्हणजे जास्त हलते. एवढी हालचाल गिलाव्याला पेलत नाही. ती सांध्यानं पेलायची असते, आणि पुढचे निम्मे प्रश्न त्या सांध्याचेच आहेत.

लाकूड तापमानानं फारसं हलत नाही, ओलाव्यानं हलतं. भिंतीत जाणाऱ्या लाकडाला चारही अंगांनी प्रायमर द्या. भिंतीकडची जी बाजू नंतर दिसणार नाही ती आधी रंगवा, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते.

दिसण्याबद्दल माझं मत: जुन्या घराचा चेहरा चौकटीच्या जाडीवर ठरतो. बारीक लोखंडी किंवा लाकडी पट्ट्यांच्या जागी रुंद पांढऱ्या पट्ट्या आल्या की भिंत कितीही नीट रंगवा, काहीतरी खटकत राहतं. विकत घेताना खिडकीच्या मापाबरोबर पट्टीची रुंदीही विचारा.

दुहेरी काच घ्यावी का?

साध्या दुहेरी काचेतून एकेरीच्या मानानं सुमारे निम्मी उष्णता आरपार जाते, विशेष लेप दिलेल्या काचेतून त्याहूनही कमी. पण वजन लक्षात घ्या. काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला आणि दर चौरस मीटरला अडीच किलो. म्हणजे ४ मिलिमीटरच्या दोन काचा चौरस मीटरला २० किलो झाल्या. जुन्या पल्ल्यांत ती बसवायचा विचार असेल तर बिजागऱ्या आणि पल्ल्याची जाडी दोन्ही कमी पडतात.

आवाजाचा त्रास असेल तर लॅमिनेटेड काच (मध्ये प्लास्टिकचा पडदा घालून चिकटवलेल्या दोन काचा) जास्त उपयोगी. जमिनीपासून साधारण ८०० मिलिमीटरच्या खाली येणाऱ्या काचेसाठी टफन्ड (तापवून कडक केलेली) किंवा लॅमिनेटेडच घ्या. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप चुकलं तर काच बादच होते.

जुनी चौकट काढताना आजूबाजूचा गिलावा कसा वाचवायचा?

आधी भिंतीवर ठोकून ऐका. पोकळ वाजणारा भाग खडूनं आखून ठेवा. तो तसाही जाणार आहे, त्याचा हिशेब कामात आधीच धरा. मग चौकटीपासून ठरावीक अंतरावर चारही बाजूंनी सरळ रेघ मारून ग्राइंडरनं गिलाव्याच्या जाडीइतकाच काप घ्या. या कापामुळे ठोके बसले तरी गिलावा रेघेपर्यंतच सुटतो, नाहीतर मोठाले पापुद्रे निघतात.

पल्ले आणि काच आधी उतरवा. चौकट अखंड उपटू नका. उभ्या बाह्या मध्ये करवतीनं कापा आणि तुकडे आतल्या बाजूला ओढून घ्या. जुन्या चौकटी बहुधा लोखंडी होल्डफास्टनी (चौकटीला ठोकून भिंतीत गाडलेल्या पट्ट्यांनी) भिंतीत धरलेल्या असतात. ते पहारीनं उचकटले तर विटाही येतात, म्हणून ते कापायचे. उरलेली टोकं गंजून पुढे गिलाव्यावर डाग पाडतात, ती भिंतीच्या आत जाईपर्यंत छाटा आणि गंजरोधक प्रायमर लावा.

जुना रंग खरवडताना काही धोका असतो का?

असतो. काही दशकांपूर्वीच्या तेलरंगांत शिसं सर्रास असायचं. कोरड्या पॉलिशपेपरनं घासलं की त्याची धूळ घरभर होते, आणि लहान मुलांना ती सर्वांत घातक. ओलं करून घासा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा, जमिनीवर प्लास्टिक अंथरा, बारीक धुळीसाठीचा मास्क वापरा आणि झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. खिडकीखाली किंवा छज्ज्याला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यांना ग्राइंडर लावू नका.

नवी चौकट भिंतीच्या जाडीत कुठे बसवायची?

जिथे जुनी होती तिथे, खास कारण नसेल तर. जाड भिंतीत चौकट आत असेल तर पावसापासून आडोसा मिळतो आणि बाहेरून खिडकीला सावलीची खोली येते. चौकट बाहेरच्या गिलाव्याच्या पातळीत आणली तर आत ऐसपैस कट्टा मिळतो, पण सांधा थेट पावसात येतो. मग सगळी भिस्त सीलंटवर (सांधा बंद करणाऱ्या रबरी लेपावर) राहते, आणि सीलंटचं आयुष्य भिंतीच्या आयुष्यापुढे काहीच नाही.

भिंत ओळंब्यात नाही. चौकट भिंतीच्या रेषेत लावू की ओळंब्यात?

ओळंब्यात, नेहमीच. भिंतीला धरून बसवलेली चौकट वाकडी निघाली की पल्ला आपोआप उघडतो किंवा मिटतो, काच एका कोपऱ्यावर भार देते आणि कडी बसत नाही. वाकडेपणा बाजूच्या गिलाव्यात जिरवा, आणि सगळा एका बाजूला न ढकलता दोन्ही बाजूंत वाटून घ्या. एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला ३० मिलिमीटर गिलावा असेल तर डोळ्यांना लगेच कळतं. दोन्हीकडे २० असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

चौकटीभोवती फोम भरला की झालं ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चौकट धरून ठेवतात ते स्क्रू किंवा अँकर. ते कोपऱ्यापासून १५० ते २५० मिलिमीटरवर आणि पुढे एकमेकांपासून ६०० मिलिमीटरच्या आत असावेत. चौकटीचं वजन पेलतात ते खालचे प्लास्टिकचे पॅकिंग तुकडे. फोमचं काम फक्त मधली पोकळी भरून वारा आणि उष्णता अडवणं. स्क्रू कुठे पकडतोय तेही पाहा. जुन्या भिंतीत विटांच्या मधला चुना मऊ असतो, त्यात घातलेला प्लग नुसता फिरतो. छिद्र विटेत घ्या. वीटच ठिसूळ असेल तर लांब अँकर किंवा रेझिन भरून बसवायचा अँकर लागतो. अँकर प्रमाणाबाहेर आवळला तर चौकट मध्ये आत खेचली जाते आणि पल्ला अडकतो.

फोम कमी फुगणारा घ्या. जास्त फुगणारा फोम यूपीव्हीसीची बाही आतल्या बाजूला वाकवू शकतो. फवारण्याआधी धूळ झटका आणि भिंत किंचित ओलसर करा, कारण हा फोम ओलाव्यानंच घट्ट होतो. तो पुरता सुकला की कापा आणि उन्हात उघडा ठेवू नका. उन्हानं तो पिवळा पडतो आणि भुगा होतो.

पाणी अडवायचं काम बाहेरच्या सीलंटचं. बाहेरच्या बाजूनं फोम थोडा आतपर्यंत कापून घ्या, तिथे बॅकर रॉड नावाची फोमची गोल दोरी दाबा आणि तिच्यावर सीलंट भरा. सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी. या दोरीमुळे सीलंट फक्त दोन बाजूंना, म्हणजे चौकटीला आणि भिंतीला चिकटतो आणि मध्ये रबरासारखा ताणायला मोकळा राहतो. मागेही चिकटला तर तिन्हीकडून अडकतो आणि पहिल्या उन्हाळ्या-हिवाळ्यातच फाटतो. भरपूर सीलंट थापला म्हणजे सांधा मजबूत होतो ही समजूत इथेच फसते.

सीलंट कुठला घ्यायचा?

व्हिनेगरसारखा उग्र वास येणारा सिलिकॉन टाळा. त्यातलं आम्ल चुना, सिमेंट, दगड आणि धातू यांच्याशी जुळत नाही. न्यूट्रल सिलिकॉन चालतो, पण त्यावर रंग टिकत नाही. सांधा रंगवायचा असेल तर हायब्रिड (एमएस पॉलिमर) सीलंट घ्या. आत, जिथे पाणी लागत नाही, तिथे ॲक्रिलिक पुरतं.

खालच्या सिलबद्दल काय बघायचं?

सिल, म्हणजे खिडकीच्या तळाची आडवी फरशी किंवा पट्टी, ही खिडकीची सर्वांत दुर्लक्षित वस्तू. काचेवर पडलेलं सगळं पाणी शेवटी तिच्यावर येतं.

तिला बाहेरच्या बाजूला स्पष्ट उतार हवा, दर १० सेंटिमीटरला किमान १ सेंटिमीटर. ती गिलाव्याच्या तयार पृष्ठभागापासून ३० ते ४० मिलिमीटर पुढे यायला हवी, नुसत्या विटांपासून नव्हे. विटांपासून मोजलं की गिलावा चढल्यावर काठ संपतो आणि पाणी भिंतीवरूनच ओघळतं. खिडकीखाली दिसणारे ते काळे ओघळ त्यामुळेच. सिलच्या खालच्या अंगाला, काठापासून थोडी आत, आडवी खाच असावी. पाणी सिलखालून भिंतीकडे सरकू पाहतं ते त्या खाचेशी तुटून पडतं. रंगारी आणि गवंडी ही खाच हमखास बुजवतात. काम संपल्यावर बोट फिरवून खात्री करा.

दोन्ही टोकं जास्त त्रासदायक. सिल जिथे बाजूच्या भिंतीला भिडते तिथून पाणी आत शिरतं. टोकाला वर वळवलेली कड असलेली सिल घ्या, किंवा दगडी सिल दोन्हीकडे भिंतीत थोडी शिरवा आणि बाजूचा गिलावा तिच्यावर उतरवा. सिल आधी, बाजूचा गिलावा नंतर. उलट क्रमानं केलं तर सांधा तोंड वर करून राहतो. सिलखाली जलरोधक थर घालून तो मागे चौकटीआड वर वळवला तर आणखी चांगलं.

चौकटीच्या तळाशी पाणी निघायला लहान छिद्रं असतात. ती सिमेंट, फोम किंवा सीलंटनं बंद झाली तर चौकटीतलं पाणी घरात उतरतं.

नवा गिलावा जुन्याला कसा जोडायचा, म्हणजे भेग दिसणार नाही?

पहिली गोष्ट, जुन्या गिलाव्याची कड घासून पातळ करू नका. नवा गिलावा तिथे शून्यापर्यंत पातळ होतो आणि तेवढाच पापुद्रा सुटतो. कड सरळ कापलेली, आतल्या बाजूला किंचित पोखरलेली हवी, म्हणजे नव्याला धरायला जागा मिळते.

सैल भुसा ब्रशनं काढा. भिंत आदल्या दिवशी आणि कामाच्या थोडं आधी भिजवा. ती ओलसर हवी, निथळती नको. कोरडी जुनी वीट नव्या गिलाव्यातलं पाणी शोषून घेते आणि मग तो सुकतो, पण घट्ट होत नाही. खोल भाग एका दमात भरू नका. चुन्याचा थर १० मिलिमीटरच्या आसपास, सिमेंटचा १० ते १५. खालच्या थराला थापीनं आडव्या रेघा मारा आणि तो पकडल्यावरच पुढचा चढवा.

मिश्रणाचं म्हणाल तर सिमेंटच्या भिंतीला एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू चालते. मऊ विटांच्या भिंतीवर सिमेंट मुळातच टाळलेलं बरं, तिथे नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्यानंही घट्ट होणारा) किंवा मुरवलेला चुना वापरा. चुन्याला घाई चालत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो घट्ट होतो आणि ही क्रिया महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीनं आत सरकते. सुरुवातीचे दिवस ओलं गोणपाट टांगून त्याला ऊन आणि वारा यांपासून जपा. सिमेंटला सात दिवस पाणी मारा.

दुसरी गोष्ट, कोपरे. भिंतीतला ताण खिडकीच्या कोपऱ्यांशी एकवटतो, म्हणून भेगा तिथून तिरक्या निघतात. प्रत्येक कोपऱ्यावर अल्कली सहन करणाऱ्या फायबर जाळीचा साधारण २०० बाय ३०० मिलिमीटरचा तुकडा ४५ अंशांत तिरका ठेवून गिलाव्याच्या थरात दाबा. जाळी वरच्या निम्म्या जाडीत असावी. विटेला चिकटवून वर गिलावा केला तर तिचा काही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. जोड लपवायचा प्रयत्नच सोडून द्या. सपाट भिंतीवर जुन्या-नव्याचा सांधा कितीही सफाईनं केला तरी तिरप्या उन्हात दिसतो. बऱ्याच जुन्या घरांत खिडकीभोवती गिलाव्याची किंचित उठावदार पट्टी असते. नवा गिलावा त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्या आणि तिथेच थांबवा, म्हणजे सांधा पट्टीच्या सावलीत जातो. मूळ घराला पट्टी नसेल तर अंगची नसलेली नक्षी चिकटवू नका. त्यापेक्षा कापाची रेघ सिलच्या टोकाशी किंवा भिंतीच्या कोपऱ्याशी जुळवा.

गिलावा चौकटीला टेकवायचा की फट ठेवायची?

फट ठेवायची, ५ ते ८ मिलिमीटर, आणि ती सीलंटनं भरायची. चौकटीला लाकडाची पातळ पट्टी लावून तिच्यापर्यंत गिलावा करा आणि पकडल्यावर पट्टी काढून घ्या. तयार स्टॉप बीड (गिलावा जिथे थांबवायचा तिथे लावायची पट्टी) मिळते तीही चालते. गिलावा थेट चौकटीला टेकवला तर सुकताना तो आकसतो आणि केसाएवढी फट तशीही पडते, तीही वाकडीतिकडी. गवंड्याला हे आधीच सांगून ठेवा, कारण त्याच्या सवयीनं तो चौकटीवर अर्धा इंच गिलावा चढवून ‘पॅक’ करून देईल.

चौकटीवर सिमेंट सांडलं. आता?

ओलं असतानाच भरपूर पाण्यानं धुवा. ॲल्युमिनियमवर ओल्या सिमेंटचे आणि चुन्याचे डाग कायमचे पडतात, वाळल्यावर खरवडलं तर रंगही जातो. कामाआधी चौकटीला टेप लावणं हाच उपाय. मात्र कारखान्यातून आलेली संरक्षक फिल्म उन्हात महिनोन्‌महिने राहू दिली तर ती चिकटून बसते आणि काढणं मुश्कील होतं.

आतल्या बाजूचं काम कधी सुरू करायचं?

बाहेरचा सांधा बंद झाल्यावर आणि पाण्याची चाचणी झाल्यावर. पाइपनं हळू धारेनं आधी सिलवर, मग बाजूंवर, शेवटी वरच्या बाजूला असं खालून वर जा आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर गळतंय कुठून ते कळत नाही. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा.

आतल्या बाजूला भिंतीच्या कडांना मेटल कॉर्नर बीड लावली तर कोपरे फुटत नाहीत. जुन्या घरात मात्र थोडे गोलसर, हातानं काढलेले कोपरे असतात, आणि धारदार कोपरा तिथे परका वाटतो. दोन्ही चालेल. फक्त एका खोलीत एकच पद्धत ठेवा.

रंग कधी लावायचा आणि कोणता?

सिमेंटच्या गिलाव्याला साधारण २८ दिवस द्या. ताज्या गिलाव्याचा अल्कली गुण तेलरंग खाऊन टाकतो. चुन्याच्या गिलाव्यावर चुन्याची सफेदी किंवा सिलिकेट रंग लावा. रबरासारखा ताणणारा जलरोधक रंग तिथे नको, आत अडकलेली ओल त्याला फुग्यांसारखं उचलते. पॅच तेवढाच रंगवला तर कितीही जुळवलं तरी वेगळा दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवावी लागेल, हे बजेटमध्ये आधीच धरा.

लाकडी पल्ल्याला जवसाच्या तेलाची लांबी भरली असेल तर तिच्यावर साय धरेपर्यंत थांबा. त्याला एक ते चार आठवडे लागतात. रंग काचेवर दोनेक मिलिमीटर चढू द्या. काचेच्या कडेशी पाणी अडवते ती तेवढीच रेघ, म्हणून टेप लावून ती ‘स्वच्छ’ करू नका.

नव्या खिडक्या लावल्या आणि भिंतीवर बुरशी आली. खिडकी गळतेय का?

बहुधा नाही. जुन्या खिडक्यांच्या फटींतून घरातली वाफ बाहेर जात होती. आता ती वाट बंद झाली. स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे यांची वाफ सर्वांत थंड जागा शोधते, आणि काच आता थंड नसेल तर ती जागा म्हणजे खिडकीच्या बाजूची भिंत. गळतीची ओल पावसानंतर वाढते. वाफेची ओल पाऊस नसतानाही येते आणि सकाळी जास्त दिसते. चौकटीत हवेची लहान झडप असलेली खिडकी घ्या, किंवा स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये पंखा लावा.

परवानगी लागते का?

घर वारसा यादीत असेल किंवा दर्शनी भाग बदलणार असेल तर लागू शकते. ऑर्डर देण्याआधी विचारा.

सगळ्या खिडक्या एकदम बदलू की एकेक?

आधी एक करा, तीही मागच्या बाजूची. भिंत आतून कशी आहे, लिंटेल कसले आहेत, गिलावा किती सुटतो हे त्या एकीत कळतं आणि बाकीच्यांचा खर्च खरा मांडता येतो. शिवाय खिडकीवाला, गवंडी आणि रंगारी तिघं वेगळे असतील तर सांधा नेमका कुणाचा, हे पहिल्या खिडकीवरच ठरवून लिहून घ्या. फोम खिडकीवाल्याचा, बाहेरचा सीलंट कुणाचा? हा प्रश्न न विचारल्यामुळे गळणाऱ्या खिडक्या पुष्कळ आहेत.

काम होऊन काही महिन्यांनी केसाएवढी भेग आली. काळजी करायची का?

भेग कुठे आहे ते बघा. जुन्या-नव्या गिलाव्याच्या सांध्यावर असेल तर एक पूर्ण वर्ष, म्हणजे सगळे ऋतू जाऊ द्या आणि मग एकदाच भरा. चौकट आणि गिलाव्याच्या मध्ये असेल तर सीलंट सुटलाय. तो पूर्ण काढून नव्यानं भरा, जुन्यावर दुसरा थर देऊ नका. कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी असेल तर तिच्या टोकाशी पेन्सिलनं तारीख लिहा आणि महिन्यानं पुन्हा पाहा. भेग तारखेच्या पुढे गेली असेल किंवा रुंदावली असेल तर गवंड्याला नको, इंजिनिअरला बोलवा.